शीलाकाकूंची स्क्रीन

हिंदूराव, दिल्ली
१९ मे २०२५

चि. सिद्धांत यास,
सप्रेम जयभीम.

विषय: तू बसवून दिलेल्या कॉम्प्युटरची स्क्रीन बंद पडल्याबाबत.

गुरुवारी सकाळी कॉम्प्युटर आपणहून ‘अपडेट होत आहे’ म्हणाला, विझला, आणि परत चालू झाला तो काळाच. आत पंखा फिरतो, हिरवा दिवा लागतो, सुरुवातीची ती टुणटुणही वाजते. फक्त दिसत काही नाही.

तुझ्या काकूच्या अंगात आता हलतात ते डोळे तेवढे. हात गेले, जीभ गेली. ती स्क्रीनवरच्या अक्षराकडे बघणार, खालचा कॅमेरा तिची नजर ओळखणार, अक्षराला अक्षर जुळणार आणि मग आतली बाई ते मोठ्यानं वाचणार, अशी व्यवस्था तूच करून दिलीस. स्क्रीन काळी, म्हणजे शीला मुकी. सध्या एकदा पापणी मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही, एवढ्यावर आमचा संसार चालू आहे. पौर्णिमेला विहारातली मंडळी घरी आली होती तेव्हा ती जरा जास्तच बोलली. त्यानंतर तीन दिवसांनी हे झालं.

उपाय लेखी कळवावा. फोनवर मला नीट ऐकू येत नाही आणि बोललेलं रेकॉर्डवर राहत नाही. मंत्रालयात आयुष्य काढून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेला माणूस मी, तोंडी सूचनेवर कधी काम केलं नाही.

तुझा काका,
भाऊराव


गुरुग्राम
२२ मे २०२५

ती. काकांस,
सादर जयभीम.

घरच्या पत्रावर ‘विषय’ लिहिणारा माणूस अख्ख्या दिल्ली-एनसीआरमध्ये एकच असेल. मैत्री हसून हसून लोटपोट झाली. म्हणाली, आवक क्रमांक टाकून फाइल उघड.

मी खरं तर पत्र मिळाल्या मिळाल्या कॅब करून आलो असतो. पण आमच्या आर्यनला कांजिण्या आल्यात, आणि काकूच्या डॉक्टरीणबाईंनी दम भरलाय, की या घरातल्या कुणीही तिच्या आसपास फिरकायचं नाही. तिच्या छातीला साधा खोकलाही झेपणार नाही. त्यामुळे तुमच्याच हातानं करू.

काय झालंय ते सांगतो. कॉम्प्युटर आत चित्र तयार करतो आणि ते स्क्रीनला समजावून सांगायला एक दुभाषा असतो, त्याचं नाव ग्राफिक्स ड्रायव्हर. अपडेटमध्ये जुना दुभाषा गेला, नवा आला, आणि तो अडाणी निघाला. कॉम्प्युटर ठणठणीत आहे. काकूचं सगळं आत जसंच्या तसं आहे. घाबरू नका.

आधी स्क्रीनची वायर दोन्ही टोकांनी काढून परत घट्ट बसवा. मग विंडोजची खूण असलेली कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी, या चारही एकदम दाबा. ‘टूं’ वाजेल. स्क्रीन आली तर सुटलो. नाही आली तर कौशल्याला सांगा, तिच्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावेल. पाच मिनिटांचं काम आहे, बिल्कुल.

काकूला सांगा, तिच्याशिवाय मला ‘गाढवा, केस काप’ म्हणणारं कोणी नाही. मशीनच्या त्या सपाट आवाजातही तिचं गाढवा बरोब्बर गाढवासारखं येतं. दिल्लीत मुनिरक्याच्या खोलीत राहायचो तेव्हा दर रविवारी तिच्या हातचं जेवून आठवडा काढायचो. ती गप्प बसलीय ही कल्पनाच मला सहन होत नाही.

तुमचा,
सिद्धांत


हिंदूराव, दिल्ली
२८ मे २०२५

चि. सिद्धांत यास,
सप्रेम जयभीम.

विषय: स्क्रीनबाबत, तुझ्या २२ मेच्या पत्राच्या संदर्भात.

सूचनांप्रमाणे कार्यवाही केली. वायर काढून घट्ट बसवली. चार कळा एकदम दाबल्या. ‘टूं’ वाजलं, स्क्रीन निमिषभर चमकली आणि परत काळी झाली. सबब पहिला उपाय निष्फळ.

व्हिडिओ कॉलचं जमणार नाही. कौशल्या काम सोडून गेली. चार वर्षं घरातल्यासारखी ठेवली, पण परकं ते परकं. आता सकाळ-संध्याकाळ एक नवीन बाई येते. तिला मराठी येत नाही आणि ती प्रश्न विचारत नाही, ही त्यातली जमेची बाजू. माझा फोन साधा आहे हे तुला माहीत आहे.

तुझा निरोप शीलाला वाचून दाखवला. एकदा पापणी मिटली. शीला शांत आहे. इतकी शांत की घराला घरपण आल्यासारखं वाटतं.

पुढील उपाय कळवावा. घाई नाही.

भाऊराव


गुरुग्राम
३१ मे २०२५

ती. काकांस,
सादर जयभीम.

घाई नाही? काका, कमाल करता. पाठीखाली चादर चुरगळली तर ती कुणाला सांगणार? हो-नाहीतून तुम्ही किती विचारणार, आणि विचारायचं तुमच्या डोक्यात येणार तरी का? मागे एकदा तिनं मशीनवर लिहिलं होतं, ‘डाव्या कानात मुंगी.’ डाव्या कानात मुंगी आहे का, असं आपण होऊन कोण विचारतं?

आता नीट वाचा. कॉम्प्युटर चालू करा आणि टुणटुण वाजायच्या आत बटण दाबून ठेवून बंद करा. असं लागोपाठ तीनदा करा. चौथ्यांदा तो स्वतःच घाबरून निळं पान दाखवेल. तिथून ‘सेफ मोड’मध्ये जा. सेफ मोड म्हणजे कॉम्प्युटर फक्त गरजेपुरता जागा होतो. त्यात स्क्रीन दिसेल, अक्षरं मोठी आणि ओबडधोबड दिसतील. कसं जायचं आणि तिथून जुना ड्रायव्हर परत कसा बोलवायचा ते मैत्रीनं वेगळ्या कागदावर चित्रं काढून दिलंय. ‘रोल बॅक’ असं लिहिलेलं बटण दाबायचं, बस. मग नेहमीसारखा चालू करा.

हे नाही जमलं तर माझ्या ऑफिसातल्या मानसला तुमच्याकडे पाठवतो. सज्जन पोरगा आहे, बूट बाहेर काढून येईल.

मलाही आता अंगावर पुरळ दिसायला लागलंय. या वयात कांजिण्या! काकू हसली असती. प्लीज काका, लवकर करा.

सिद्धांत


हिंदूराव, दिल्ली
९ जून २०२५

चि. सिद्धांत यास,
सप्रेम जयभीम.

विषय: सेफ मोडचा उपाय व त्याचा निष्कर्ष.

प्रथम, मानस किंवा इतर कोणाला पाठवू नये. आजारी बाईच्या खोलीत परका पुरुष मला चालणार नाही.

सौ. मैत्रीच्या कागदानुसार क्रमवार कृती केली. तिसऱ्यांदा बंद केल्यावर निळं पान आलं. सेफ मोड मिळाला. स्क्रीनच्या चारही कोपऱ्यांत ‘सेफ मोड’ अशी अक्षरं होती. ड्रायव्हरच्या नावावर जाऊन ‘रोल बॅक’ दाबलं. यंत्रानं कारण विचारलं, ‘आधीचा बरा चालत होता’ हे निवडलं. नंतर यंत्र नेहमीप्रमाणे चालू केलं. डोळ्यांच्या कॅमेऱ्यानं ‘वापरणाऱ्याचे डोळे सापडत नाहीत, कृपया समोर बसा’ असा संदेश दिला, तोही पूर्णतेसाठी नोंदवतो. परंतु स्क्रीन काळी ती काळीच. सबब हाही उपाय निष्फळ.

माझं मत विचारशील तर यंत्र जुनं झालं. सगळ्यांचंच कधीतरी होतं. नवं घेण्याचा विचार दिवाळीनंतर करता येईल. शीलाची काही तक्रार नाही.

तू स्वतःला जप. खाजवू नकोस, डाग राहतात.

भाऊराव


गुरुग्राम
१२ जून २०२५

काका,

हे पत्र मैत्रीच्या हाती पाठवतोय. तिला कांजिण्या लहानपणीच होऊन गेल्यात. डॉक्टरीणबाईंना विचारलं, आंघोळ करून धुतलेले कपडे घालून गेली तर चालेल म्हणाल्या. तिला दार उघडा.

डोळे सापडत नाहीत हा संदेश सेफ मोडमध्ये येतच नाही, कारण डोळ्यांचा कॅमेरा सेफ मोडमध्ये चालू होत नाही. तो चालू होतो नेहमीच्या मोडमध्ये. आणि तो संदेश काही वाजत नाही, स्क्रीनवर दिसतो. काळ्या स्क्रीनवर तुम्ही तो वाचलात कसा?

म्हणजे स्क्रीन आली. रोल बॅक झाला, जुना ड्रायव्हर परत आला आणि सगळं पूर्वीसारखं चालू झालं. आयुष्यभर सगळं पूर्णतेसाठी नोंदवत आलात, ती सवय इथेही सुटली नाही.

पण हे काहीच नाही. मला झोप लागत नाही ती पुढच्या गोष्टीनं. काकू चोवीस तास त्या पलंगावर असते, स्क्रीन तिच्या तोंडापुढे दांडीवर बसवलेली. मग कॅमेऱ्याला तिचे डोळे का सापडले नाहीत? काका, तुम्ही स्क्रीन भिंतीकडे वळवलीत. ती पडल्या पडल्या स्क्रीनची मागची बाजू बघतेय.

मी चुकत असलो तर पाया पडून माफी मागेन. मैत्रीला आत येऊ द्या.

सिद्धांत


हिंदूराव, दिल्ली
१६ जून २०२५

चि. सिद्धांत यास,

विषय: तुझ्या उद्धट पत्राबाबत.

सौ. मैत्री पूर्वसूचना न देता आली. पत्र जाळीच्या दारातून घेतलं आणि जे म्हणायचं ते लेखी कळव असं तिला सांगितलं. तिनं जिन्यात उभं राहून ‘काकू, काकू’ अशा हाका मारल्या. शेजारचे डोकावले. सुशिक्षित घरातल्या सुनेला हे शोभत नाही.

तू विचारलंस म्हणून सांगतो. मी कुणाला घाबरत नाही.

पौर्णिमेला वीसेक माणसं होती. खीर झाली. विहाराचे अध्यक्ष म्हणाले, भाऊरावांनी पत्नीची जी सेवा चालवली आहे तिचा आदर्श घ्यावा, आपण त्यांचा शाल देऊन सत्कार करू. मी एवढंच म्हणालो, की सत्कार कशाला, तिला दोन वेळा स्वतःच्या हातानं भरवतो हेच माझं समाधान. तेवढ्यात मशीनमधली बाई बोलली, ‘खोटं. कौशल्या भरवते. हे खोलीत येताना नाक धरतात.’

वीस माणसांसमोर. कुणी हसलं नाही, हसले असते तर बरं झालं असतं. अध्यक्षांनी शालीची घडी परत पिशवीत घातली.

स्क्रीन खरोखरच आपोआप बिघडली, हे लक्षात घे. मी पहिलं पत्र खऱ्या काळजीनं लिहिलं. पण त्या काळ्या स्क्रीनच्या दिवसांत मला या घरात पहिल्यांदा घराचा मालक असल्यासारखं वाटलं. मग उपाय लागू पडला, स्क्रीन आली, आणि मी विचार केला की आधी हिशेब पुरा होऊ दे. मी तिला म्हटलं, शब्द मागे घे. अध्यक्षांना बोलावतो, त्यांच्यासमोर तसं लिही, स्क्रीन तुझी. रोज सकाळी चहानंतर विचारतो. रोज दोनदा पापणी मिटते. मिटून उघडते आणि माझ्याकडे बघत राहते. अशा वेळी माणसानं करायचं काय, तूच सांग. ऑफिसात चुकीची टिप्पणी मागे घेतल्याशिवाय फाइल पुढे सरकत नसे. इथेही सरकणार नाही.

लाडावून ठेवलीत तुम्ही लोकांनी तिला. चाळीस वर्षं ती या तोंडानं कधी उलटून बोलली नव्हती. तोंड गेलं आणि जीभ फुटली.

भाऊराव


गुरुग्राम
१८ जून २०२५

काका,

शनिवारी सकाळी येतोय. माझ्या खपल्या पडल्यात, डॉक्टरीणबाईही सोबत आहेत. आणि पौर्णिमेला तुमच्या घरी जी मंडळी होती त्यांना एकेकाला फोन करून तुमचं पत्र वाचून दाखवलंय, तुमच्याच शब्दांत, पहिल्या ओळीपासून. अध्यक्षांनी दोनदा वाचायला लावलं. सगळे येतायत. जाळीच्या दारातून कुणाकुणाला लेखी कळवायला सांगायचं ते ठरवून ठेवा.

सिद्धांत


हिंदूराव, दिल्ली
२३ जून २०२५

चि. सिद्धांत यास,

विषय: दि. २१ जूनच्या प्रकाराबद्दल निषेध.

दि. २१ रोजी सकाळी तू पंधरा-वीस माणसांसह माझ्या घरात शिरलास. बसायला खुर्च्या पुरल्या नाहीत, तरी कुणी पाणी घेतलं नाही. तू माझ्याशी एक शब्द न बोलता स्क्रीन फिरवलीस. शीलाला पहिलं वाक्य लिहायला इतका वेळ लागला की माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. वाक्य असं, ‘मला इथून ने.’ हे तिनं कोणाच्या दबावाखाली लिहिलं याची चौकशी व्हावी, अशी माझी मागणी आहे.

तिच्या पाठीवरची जखम डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना दाखवली. मला ती माहीत नव्हती. माहीत असती तर मी इलाज केला असता. तिनं सांगायला हवं होतं.

स्ट्रेचर नेताना तू माझ्या हातातलं तिच्या उशीचं कापड ओढून घेतलंस. ते या घरचं आहे. परत करावं.

भाऊराव


गुरुग्राम
२ जुलै २०२५

काका,

उशीचं कापड सोबत पाठवतोय. धुतलेलं आहे.

‘तिनं सांगायला हवं होतं’ ही ओळ मी मैत्रीला दाखवली नाही. तिनं तुमच्या घरी येऊन तुम्हाला मारलं असतं, आणि मी अडवलं नसतं.

काकूची तब्येत कळवतो, नवरा म्हणून तुमचा हक्क आहे. जखम हाडापर्यंत गेली होती, भरतेय. डोळ्यांचं तसं नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, या आजारात सगळ्यांत शेवटी डोळे दमतात. मे महिन्यात ती अर्धा अर्धा तास बोलत होती. आता पापण्या मधेच खाली येतात, नजर अक्षरावर ठरत नाही, कॅमेरा चुकीचं अक्षर धरतो. दिवसाला मोजके शब्द होतात, त्यातले काही तर खोडण्यातच जातात. मी ड्रायव्हर बदलून पाहिला, स्क्रीन मोठी आणली, अक्षरं मोठी केली. कॉम्प्युटरमध्ये काहीच बिघाड नाही. तिचे बोलते दिवस उरले होते थोडे, ते तुम्ही भिंतीला दाखवलेत.

आता तुमच्याकडून मला काही नको. पत्रही नको.

सिद्धांत


हिंदूराव, दिल्ली
१९ ऑगस्ट २०२५

चि. सिद्धांत यास,
सप्रेम जयभीम.

विषय: शीला माझ्याबद्दल काही विचारते काय, याबाबत.

पत्र नको म्हणाला होतास, तरी लिहितो. विहारात गेलो होतो. माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. नव्या बाईनं काम सोडलं. कौशल्याच्या घरी माणूस पाठवला, तिनं दार लावून घेतलं. गेल्या आठवड्यात मला ताप होता. घशाला कोरड पडली आणि स्वयंपाकघरापर्यंत जाववेना. पाणी द्या म्हणून मी मोठ्यानं ओरडलो, आणि मग आठवलं की घरात कुणी नाही. फार वेळ तसाच पडून राहिलो. मला तिची फार आठवण आली. राग नाही राहिला, खरंच सांगतो. शब्द मागे घेण्याची अट मी बिनशर्त रद्द करत आहे, तसं तिला सांग.

तिला एवढंच विचार, की मी भेटायला येऊ का. हो किंवा नाही. पापणीनं सांगितलं तरी चालेल, मी ते लेखी समजेन.

सोबत परतीचं पाकीट तिकीट लावून ठेवलं आहे.

तुझा काका,
भाऊराव


गुरुग्राम
२६ ऑगस्ट २०२५

काका,

तुमचं पत्र काकूला पूर्ण वाचून दाखवलं, तापासकट. काही गाळलं नाही. मग तुमचा प्रश्न विचारला. पापणी मिटली नाही, एकदाही नाही, दोनदाही नाही. तिनं स्क्रीनकडे बघितलं, म्हणून मी आणि मैत्री थांबलो. तिला लिहायचं होतं.

सकाळची वेळ होती, तेव्हाच तिच्या डोळ्यांत थोडं बळ असतं. एकेक अक्षर सापडायला खूप वेळ गेला. मधे दोनदा पापण्या मिटल्या, मैत्रीनं तिचे डोळे पुसले. कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, तुम्हाला शिवी देईल. खरं सांगू, माफ करेल असंही वाटलं, आणि त्याची मला भीती वाटली.

वाक्य पूर्ण झालं तेव्हा मशीननं वाचलं, ‘आर्यनला शाळेची बस चुकेल.’

मी आर्यनला खाली सोडून आलो. परत आलो तेव्हा ती झोपली होती. त्या दिवसाचे तिचे शब्द संपले होते. दुसऱ्या दिवशी तुमचा प्रश्न मी पुन्हा विचारला. तेव्हा तिनं मला खिडकी उघडायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी विचारला नाही.

तुमचं पाकीट वापरतोय.

सिद्धांत